आर. आर. नंबर सतरा

यळ्ळूर रस्त्याला, नाल्याच्या अलीकडं,
मी पहिल्यांदा मीटर वाचायला आलो
तेव्हा या भागाचं माझ्या वहीत एकच पान होतं.
एकेचाळीस मीटर. बाकी सगळा भात.
सायकल बांधावर टेकवायची
आणि चप्पल हातात धरून चिखलातनं जायचं.
आता कमरेला मशीन आहे.
सहाशे बारा घरं, तीन दिवस.
चप्पल मात्र माझीच झिजते.

लोकसंख्या मला कुणी सांगावी लागत नाही.
नवीन घर आधी तात्पुरतं कनेक्शन घेतं,
मग वाळू, मग बिहारी पेंटर,
मग म्हशीसारखी काळी टाकी दोरानं वर,
मग वास्तुशांत,
मग पहिलं बिल, आणि दारात उभं राहून
"एष्ट आत्री?"
किंवा "किती आलं वो?"
दोघांनाही मी आकडाच सांगतो.
आकड्याला अजून कुणी भाषा विचारलेली नाही.

तिसऱ्या क्रॉसला गोकाकचे मास्तर,
शेजारी चंदगडच्या दोन नर्सा,
त्यांच्या डोक्यावर इंजिनिअरिंगची पोरं, नऊजण, एक गिझर;
परीक्षा कधी ते मीटरवरनं समजतं.
देसूरकरांचा मुलगा पुण्याला गेला: वीस युनिट कमी.
नीलव्वा कित्तूर यांच्याकडं एकदम चाळीस वाढले,
मी विचारलं नाही.
पुढच्या खेपेला दोरीवर दुपटी वाळत होती.

आणि बावीस घरं अशी, की शून्य.
ग्रॅनाइटचा जिना, पितळी कडी, आत कुणी नाही;
गुंठ्याचा भाव तेवढा आत बसून वाढतो.

पाणी आठ-आठ दिवसांनी.
येतं तेव्हा सगळ्या मोटरी एकदम ओढतात,
चाळीस घरांचा ट्रान्सफॉर्मर कण्हतो
आणि दिवे पिकल्या लिंबासारखे होतात.
गटार काढलंय, खरं ते जातं कुठं
हे गटारालाच माहीत नाही,
नवव्या क्रॉसपर्यंत येऊन थांबलंय.
राजहंसगड पूर्वी कुठनंही दिसायचा.
आता तो बघायला तिसऱ्या मजल्याचं भाडं भरावं लागतं.

माझ्या यादीत अजून सगळ्यात वर
आर. आर. नंबर सतरा. विहिरीवरचा पंप.
भरमाण्णा सातेरी हुंदरे, शेती.
माणूस जाऊन अकरा वर्षं झाली,
रानाचे एकोणपन्नास प्लॉट झाले,
विहिरीवर स्लॅब पडली,
नकाशात तिथं उद्यान आहे.
कनेक्शन तोडा म्हणून सांगायला कुणी आलंच नाही.
दगडी खांबावर पेटी तशीच, आत पालीची अंडी.
दर महिन्याला मी लांबनंच टाकायचो: बदल नाही.

गेल्या मंगळवारी सहज वाकलो
तर नव्वद युनिट.
स्लॅबला भोक, भोकातनं निळा पाइप,
कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं पाळ्या:
सहा वाजता हिरेमठ, साडेसहा नर्सा,
सात मुजावर, साडेसात पोरं (उठली तर).
अर्ध्या ओळी कन्नडात, अर्ध्या मराठीत,
एका घराचं नुसतं फूल काढलेलं.

हे मी कळवायला पाहिजे.
शेतीची फुकटातली वीज, घरगुती वापर,
दंड, पंचनामा, साहेबांची जीप.
मशीन विचारत होतं: वापर बदलला? होय / नाही.
अंगठा अधांतरी धरून मी उभा.
मुजावरांची सून घागर घेऊन निघालेली, थांबली.
"हे भरमाण्णा कुठल्या क्रॉसला राहतात वो?
सांगा त्यांना, पाणी गोड आहे."

पाइप गळतो तिथं हातभर चिखल झालाय.
चिखलात भाताची रोपं,
कुणी लावली की जुनं बी वर आलं, कोण जाणे.
मी गुडघ्यावर बसून मोजली. अकरा.
शेती, म्हटलं,
आणि 'नाही' दाबलं.