तक्रार: चित्र धूसर

तक्रार आली पुंता अरेनासहून,
देशाच्या पार तळाशी असलेल्या गावातून:
‘केमचीला आईच्या दारावर कॅमेरा आहे.
अंगणात माणूस उभाय की मेंढी, कळत नाही.
पैसे मी पाठवलेत. आईकडून घेऊ नका.’
नाव आर्सेनिओ बाहामोंदे. गॅसच्या विहिरींवर वेल्डर.
आवाज घाईतला, मागे वारा.

मी अंकूडहून निघालो तेव्हा पाऊस होता.
(आमच्या बेटावर हे सांगायचं कारण नाही.
नसता, तर सांगितलं असतं.)

दोन्या एदुविनानं दार उघडलं ते अर्धंच.
‘चालतोय की तो,’ म्हणाली, ‘दिवा लागतो रोज.’
मी म्हटलं, दिवा लागणं वेगळं, दिसणं वेगळं.
‘ते तू मला सांगू नकोस.’

आधी राउटर शोधला.
तो फळीवर, पत्र्याच्या बिस्किटडब्यात,
चुलीची राख बसू नये म्हणून वर झाकण.
कोंडलेला सिग्नल बिचारा
दारापर्यंत पोचता पोचता अर्धा मरायचा.
काढून खिडकीत ठेवला, जिरेनियमच्या कुंडीशेजारी.

मग ॲप उघडलं. चित्र सगळ्यात खालच्या पायरीवर,
डेटा वाचावा म्हणून मुलानंच कधीतरी लावलेलं
आणि विसरलेलं.
दोन पायऱ्या वर चढवलं.

रात्रीचं पांढरं धुकं म्हणजे कोळी.
भिंगाभोवतालच्या दिव्यांची ऊब बघून
त्यानं तिथेच संसार थाटलेला;
अंधारात त्याचा एकेक धागा
दोरखंडाएवढा उजळत असणार.
काडीवर घेतला, सरपणाच्या ढिगावर सोडला.

राहिलं भिंग.
वाटलं, धूर असेल. नाहीतर खाडीवरचा खारा वारा.
बोट फिरवलं.
धूर नव्हता, मीठ नव्हतं.
डुकराची चरबी होती,
आणि तिच्यात अंगठा उमटलेला, रेघ न् रेघ,
त्या अख्ख्या कॅमेऱ्यात तेवढीच एक गोष्ट स्पष्ट.

वळून पाहिलं.
ती माझ्याकडे बघत नव्हती.
एक हात चौकटीला, दुसऱ्यात काठी,
उजवा पाय टेकलेला आणि न टेकलेला.
‘एप्रिलात पडले,’ म्हणाली, ‘बटाटे काढताना.
त्याला कळलं तर नोकरी सोडून येईल.
नाहीतर येणार नाही.
दोन्ही नको मला.’

या पायानं स्टुलावर चढलात?
‘चढायला काय होतंय.
उतरायला अर्धा तास लागला.’

आमच्या धंद्यात पुसायला शिकवतात:
मऊ सुती फडकं, मधून कडेकडे, गोल, दाब न देता.
न पुसायला कुणी शिकवत नाही.
फडकं हातात घेऊन मी बराच वेळ
छताच्या वळचणीचं पाणी मोजत राहिलो.

शेवटी पुसलं.
पैसे घेतले होते. एवढंच कारण.
दुसरं सांगितलं तर खोटं होईल.

ती म्हणाली, ‘थांब, फोन लगेच लावू नकोस.’
काठी दाराआड ठेवली.
माझा खांदा धरून अंगणात गेली,
सफरचंदाच्या झाडापाशी, जिथे तिला नीट दिसायचं होतं.
ओल्या हातानं केस बसवले.
मग खांदा सोडला, आणि मला म्हणाली, ‘हो बाजूला.’

लावला.
‘अरे वा!’ आर्सेनिओ ओरडला, ‘कुंपण दिसतंय!
वरची फळी सुटलीय तीही दिसतेय!
आणि आई! आई, तो स्वेटर अजून घालतेस?’

ती हसली. मान हलवली नाही.
हात वर केला नाही.

‘थांबा,’ तो म्हणाला. ‘पुन्हा अडकलं. चित्र हलत नाहीये.’

नाही अडकलं, मी म्हटलं.
त्या उभ्या आहेत.

पलीकडे वारा. नुसता वारा.

‘पाऊस तर पडताना दिसतोय,’
तो म्हणाला, सावकाश,
आणि मग काहीच म्हणाला नाही.