मागून उघडे

बंद कपांचे नकोच म्हटलं.
फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये
एकतीस वर्षं काढलीत, कान मिटून.

तीनशे ओहमचे घेतले, मागे नुसती जाळी.
फोनवर ते कुजबुजायचे फक्त.
मग म्हापशाच्या रुझारनं
बिबिंकेच्या डब्यात अँप्लिफायर बसवून दिला;
तापला की अजून जायफळाचा वास येतो.
जाळीआडचा फेल्ट मी स्वतः सोलला.
डावा कान बिघडला. परत चिकटवला.

आता तानेआधीचा श्वास ऐकू येतो,
आणि पोदेराचा भोंगाही,
दिवाडीच्या बांधावरून
थेट विलंबितात घुसणारा.

"गळतंय तुमचं गाणं," पलीकडून सुलक्षा.
मी आवाज उतरवला.

बऱ्याच वेळानं, आळसांदे निवडता निवडता:
"समेवर येत होती ती.
कमी कशाला केलंत?"