केंद्रक

मेयोनेजच्या बाटलीत आणला होता त्यानं
आपला ट्यूमर,
जिनमध्ये बुडवून, झाकणाला दोन रबरं लावून.
वाउटर हागेडोर्न, वय चौसष्ट,
निवृत्त पोस्टमन, झ्वोले, नेदरलँड्स.
मी फॉर्म भरला. नमुन्याचं नाव?
बायको म्हणाली, "ते. जे होतं ते."

बागियोत त्या दिवशी धुकं होतं.
पाइनची झाडं प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत यायची
आणि परत जायची.
तो शर्ट वर करून पोट दाखवत होता,
टाका नाही, व्रण नाही.
"नुसत्या बोटांनी, मिस. सुरी नाही, भूल नाही.
मनगटापर्यंत हात आत गेला, मला कळलंसुद्धा."
काल तो दोन वाट्या भात जेवला होता,
सात महिन्यांत पहिल्यांदा.
हे मात्र खरं होतं. बायकोनं वाट्या मोजल्या होत्या.

मी थेंबभर गाळ काचेवर पसरला,
रंग दिला, थांबले.

माणसाच्या तांबड्या पेशीला केंद्रक नसतं.
हाडातल्या मगजातून निघतानाच ती ते टाकून येते,
प्राणवायूला जागा करते,
मधे दबलेली, ताटलीसारखी.
कोंबडीची पेशी लांबट,
आणि तिच्या पोटात काळसर एक दाणा.
ती तो सोडत नाही कधी.

जिननं पेशी आक्रसल्या होत्या,
पण भिंगाखाली दाणेच दाणे,
अंगणात कुणी मूठ उधळावी तसे.
मी दुसरी काच केली.
तिसरीही तेच आरवली.

शनिवारी पहाटे मी बाजारात असते, मानांग सेबियाच्या गाळ्याशी.
तिथं उपचारकाचा पोरगा येतो,
काळीज घेतो, थोडी आतडी,
आणि रक्त, बोटाएवढ्या पिशव्यांत बांधून.
"अदोबोला?" सेबिया विचारते.
"पाहुणे आलेत," तो म्हणतो.
खोटं नाही ते. बस भरून येतात.

डॉक्टर दाकानाय म्हणाले, लिहा: ऊती मानवी नाहीत.
सही करा. पुढचा नमुना घ्या.
त्यांच्यामागे अकरा बाटल्या रांगेत होत्या
आणि त्यांचं बरोबरच होतं.

मी बाहेर जाऊन सांगितलं.
"कोंबडीची?" त्यानं हळूच विचारलं,
जणू चुकीच्या पत्त्यावरचं पाकीट हातात आलंय.
मग पोटावर हात ठेवून,
"म्हणजे माझं कुठाय?"

याचं उत्तर माझ्या फॉर्मवर नव्हतं.

सोमवारी ती दोघं पुन्हा तिकडेच गेली.
सहा बैठकींचे पैसे भरलेले.
उपचारक म्हणे रागावला नाही,
हसून म्हणाला, अविश्वासाच्या नजरेखाली
मांस आपलं रूप बदलतं.
किती वर्षं मी हे उत्तर उलटसुलट करून पाहते आहे.
कुठल्याच काचेवर ते पसरत नाही.
त्याला कोणताच रंग चढत नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, म्हणतात.
इथं तर कापलंच होतं.
तरी फुटलं.
तरी त्याला चार पहाटा बऱ्या गेल्या,
आणि त्या मी त्याच्याकडून परत मागू शकत नाही.
त्या विकणाऱ्याकडून मात्र
एकेक मोजून घ्यावीशी वाटते.

फेब्रुवारीत झ्वोलेहून पत्र आलं.
तिकिटं नीट, कडेला कड लावून चिकटवलेली.
"ते जे होतं ते तिथंच होतं," बायकोनं लिहिलं होतं,
"नोव्हेंबरात त्यांनी आम्हाला फोटोत दाखवलं.
तुमच्यावर राग नाही.
अहवाल त्यानं विमानात फाडला.
एक प्रत मिळेल का, शिक्क्यासह?
समोरच्या घरातली हिल्लेगोंडा
मार्चचं तिकीट काढून बसली आहे.
शक्यतो लवकर."

मी दोन प्रती काढल्या.
शिक्का जरा वाकडा उमटला, म्हणून तिसरी.