पोच

अठरा वर्षं मी लोखंड वाहिलं.
कळंबोलीतून कॉइल, दारूखान्यातून भंगार,
परतीला मिळेल ते : फरशी, सोडा,
एकदा नुसते रिकामे डबे,
त्यांनी नागोठण्यापर्यंत वाजून वाजून डोकं उठवलं.
पण लोखंड कधी विचारत नाही, कुठवर आलो.

आता छत्तीस माणसं. कोल्हापूर ते बोरिवली,
दर बर्थला पाण्याची बाटली, ब्लँकेट, बारका दिवा.
वाशीचा पूल यायच्या आत पडद्याआडून सुरू होतं :
ड्रायव्हर, मैत्री पार्क किती वेळ?

ट्रकात ब्रेक मारायचा तो मागचं वजन धरून.
वीस टन पाठीवर येऊन बसतं
हे पाठीला आधीच ठाऊक असायचं.
इथं वजन म्हणाल तर काय,
छत्तीस माणसं म्हणजे दोन-अडीच टन,
कांद्याची पाव गाडी.
तरी ब्रेकवर जाताना अंगठा थबकतो.
कुणाचं तरी डोकं काचेला टेकलंय.
एकोणीस नंबरला, खालच्या बर्थवर, पोटुशी बाई आहे,
चढताना म्हणाली, जरा बेतानं हं, दादा.

ट्रकात मी मोठ्यानं बोलायचो.
घाटात गाडीशी, किन्नरशी,
तो झोपला की वारलेल्या बापाशी.
इथं खोकलासुद्धा गिळायचा.

आणि मुंबई तेव्हा मला दिवसा आत घेत नसे.
नो एन्ट्री लागली की मानखुर्दच्या अलीकडं गाडी लावायची,
स्टोव्हवर भात टाकायचा,
चाकाच्या सावलीत पडून
शाळेच्या बसगाड्या मोजायच्या.
आता सकाळी सहाला सरळ आत. कुणी हात करत नाही.

परवा टोलला शेजारच्या लेनमध्ये अण्णाप्पा.
जुनी गाडी, जुनाच मळका टॉवेल.
"काय लग्झरीवाले, बूट?"
मी पायाकडं पाहिलं. कंपनीचा नियम.
"पगार?"
कमीच आहे म्हटलं, पण तारखेला होतो.
"आणि झोप?"
तेवढ्यात माझ्या पुढचा दांडा वर गेला.

ट्रकाचं एक बरं होतं.
माल उतरला की बिल्टीच्या मागं सही, शिक्का :
माल सुस्थितीत मिळाला.
एकदा खंडाळ्यात कॉइल सरकली, कड चेपली.
शेठनं पोचेवर 'डॅमेज' लिहिलं,
माझे सात हजार कापले.
पण लिहिलं.

इथं माणसं उतरतात
चपटे केस, बुटांच्या टाचा दुमडलेल्या,
अर्धी अजून झोपेतच.
सही कुणाची घ्यायची?
कोण तरी दुपारी मोबाइलवर दोन तारे देतो,
एसी गार होता म्हणून.

मैत्री पार्कला त्या बाईची बॅग मी डिकीतून काढून दिली.
ती फोनवर आईशी बोलत होती बहुतेक.
"उतरले गं. नाही, त्रास कसला?
झोप लागली मला. घाट कधी गेला कळलंच नाही."
रिक्षावाल्याला हात केला, गेली.
मी डिकीचं झाकण धरून उभा.
मागून बेस्टच्या बसनं हॉर्न दिला, दोनदा.

बोरिवलीला गाडी रिकामी होते.
छत्तीस बिछाने, चादरी धुलाईला.
ड्रायव्हरनं वर झोपायचं नाही, मालकाची सूचना आहे.
ट्रकात सीटमागं फळी होती, माझ्याच मापाची.
इथं खाली डिकीत सतरंजी टाकतो,
पोहोचायच्या पार्सलांच्या रांगेत :
डोक्याशी गुळाचा खोका, पायाशी कसली तरी मोटर,
खोक्यांवर मार्करनं नावं.
वाऱ्याला झाकण अर्धं उघडं.

हायवेवरून जड गाडी गेली की
पत्र्यातून थरथर बरगडीत येते.
डोळे न उघडता मी सांगतो,
भरलेली आहे.