दोनशे पंचेचाळीस

ऑक्टोबरचा शेवटचा मंगळवार. व्होरू गावात
रात्री पहिल्यांदा काचा गोठल्या
की सकाळी सगळ्यांना एकदमच आठवतात
हिवाळ्याचे टायर.
रांगेत सातवी होती ती निळी जर्मन गाडी,
पुढून सडपातळ, मागून रुंद,
सलामीला वाकलेल्या पहिलवानासारखी.

चालवत आली माइमू.
शेजारी हेल्दुर, ज्याला एप्रिलपासून
कशाचंच मधलं दिसत नाही,
फक्त कडा.

"चारही एकाच मापाचे घाल," माइमू मला म्हणाली,
"मागचे दोन वर्षांत टकले होतात,
पुढचे तसेच ताठ.
चार चाकं, आणि एकमेकांच्या कामाला कुणी येत नाही."

हेल्दुर उतरला. छताच्या कडेनं हात फिरवत
मागच्या चाकापाशी जाऊन उकिडवा बसला
आणि टायरच्या गालावरचे उठावाचे आकडे
अंगठ्यानं वाचले.
दोन. चार. पाच.
"श्टुटगार्टहून एका दमात आणलीय ही.
मागून कशी दिसते, पाहिलंस कधी?"
मला विचारलं की तिला, कळलं नाही.
आम्ही दोघीही गप्प.

मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला.
मागचा टायर साडेसहा मिलिमीटर बुटका आहे,
तिथेही दोनशे पंचवीस घातला की पुढच्याइतका होईल.
वेगाचा काटा शंभराला एखादा किलोमीटर कमी सांगेल,
तेवढं चालतं.
बर्फात तर अरुंदच बरं, तळापर्यंत कापत जातं.
"पण रिम," मी म्हटलं, "मागची रिम रुंदच राहणार.
टायर सारखे झाले म्हणून चाकं सारखी होत नाहीत.
अदलाबदल करायची तर दर वेळी
रबर उतरवून पुन्हा चढवावं लागेल,
आणि त्याचे पैसे वेगळे."

माइमूनं पस्तीस वर्षं डेअरीत
दुधातल्या मलईचं प्रमाण मोजलंय.
तिनं कागद उलटा करून स्वतः एकदा बेरीज केली.
"घाल," म्हणाली.

आखूड पांघरूण दोन्ही अंगांना ओढून घ्यावं
तसा ताणून बसवला मी टायर त्या रिमवर.
हवा भरताना ठो झालं.
पलीकडे हेल्दुरनं कॉफीचा कप खाली ठेवला.
आणखी तीनदा ठो झालं,
त्यानं कप पुन्हा उचललाच नाही.

गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा
तो परत तिथेच जाऊन बसला.
नव्या खिळ्यांवरून तळवा फिरवला,
मग अंगठा वर, आकड्यांवर. दोन. दोन.
तिसरा वाचलाच नाही.
"उपाशी दिसतंय," म्हणाला.
मग बोट थोडं आत सरकवून थांबला,
जिथे रबर संपतं आणि धातू सुरू होतो.
"माइमू, कड उघडी पडलीय.
फुटपाथला लावताना जप.
आधी रबर घासायचं, आता थेट रिम जाईल."
"दिसतंय मला," ती म्हणाली,
आणि घाईघाईनं हातमोजे शोधायला लागली,
जे तिच्या हातातच होते.

जुने दोन त्याला घरी न्यायचे होते.
मी मोजून दाखवलं, दीड मिलिमीटर उरलाय,
भंगारवालाही विचारणार नाही.
तरी टाक म्हणाला.
एक डिकीत मावला. दुसरा मागच्या सीटवर,
खाली वर्तमानपत्र अंथरून.

पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट आवळून घ्यायला या,
असं मी सगळ्यांना सांगते, त्यांनाही सांगितलं.
दाराशी उभी राहून हातानं गाडी मागे घ्यायला लावली,
तेव्हा काचेतून दिसला हेल्दुरचा उजवा पाय,
चटईवर ब्रेक दाबत,
बरोबर तिच्या जरासा आधी.

मग आठवी. पांढरी व्हॅन, नानबाई ऊर्माससाहेबांची,
चारही सारखे, पिठानं माखलेले.