पुकारा

एकतीस वर्षं मी नावं पुकारतोय
चोपड्याच्या कोर्टात, दाराच्या चौकटीला टेकून.
माझा आवाज निंबापर्यंत जातो,
झेरॉक्सवाल्यापर्यंत, चहाच्या गाडीपर्यंत.
लोक अर्धा कप टाकून धावत येतात.
तोंड कुणाला आठवत नाही माझं. आवाज आठवतो.

हिलाल ओंकार बडगुजर हाजिर हो.
पहिल्या हाकेला तो हलला नाही.
दुसरीला त्यानं छताकडे पाहिलं.
तिसरीला शिपायानं कोपर मारलं,
तेव्हा त्याला कळलं
की ही हाक बाहेरची आहे.

गुन्हा: डीपीवर दगड, उपटलेल्या फ्यूजा,
दोन रात्री गाव अंधारात, केळी तहानलेली.
त्याचा उजवा तळहात भाजला होता.
'का केलंस?' मॅडम लातूरकडच्या, नव्यानं आलेल्या.
'डीपी मनं नाव लिसन हाका मारस.'
सरकारी वकील उठले, 'मारस म्हणाला, नोंद घ्या,
कबुली आहे.'
मी दारातून बोललो, जे मी कधीच करत नाही:
'हाका मारते म्हणतोय, मॅडम. डीपी.
त्याला. नाव घेऊन.'
पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

मला भोजू रायसिंग पावरा आठवला.
तो याच जागी उभा राहून हसायचा,
आणि त्या साहेबांना वाटलं, कोर्टाला हसतो.
पुढच्या तारखेला मी त्याला तीनदा पुकारलं.
हवालदाराच्या हातात मयताचा कागद होता,
तरी पुकारलं. तीनदा पुकारायचं असतं.

मॅडमनी लिहिलं: जेल नाही, दवाखाना.
गुरुवारी जळगावहून डॉक्टर येतात, त्यांच्याकडे.
दर दुसऱ्या बुधवारी इथे.
शिरस्तेदार म्हणाले, हे कुठल्या रजिस्टरला घेऊ?
अजून विचारतात.

मग बुधवार.
त्याची आई साडीच्या दुकानाच्या पिशवीतून
गोळ्यांची रिकामी पाकिटं काढायची,
आणि मॅडम बोटानं खळगे मोजायच्या, चौदा.
'झोप?'
'लागस.'
'आवाज?'
'शेतस. पन दूर ग्यात.'
शेजारच्या मळ्यात मोटर चालू असावी तसं,
असं मी मॅडमना सांगितलं. ते माझं होतं,
तो तेवढंच बोलला होता.
हाक मी हळू मारू लागलो. त्याच्यापुरती.

वैशाखात एकदा तो आला नाही.
तीन हाका झाल्या. चौथी मारली,
कुठल्याच नियमात नसलेली.
वॉरंट, म्हणाले वकील.
मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे.
मी गेलो, भाच्याच्या मोटारसायकलवर.

पाटाच्या कडेला, डीपीखाली बसला होता,
खिसे दगडांनी जड. एकही मारला नव्हता.
आठ दिवस गोळ्या नाहीत. आई भावाकडे, रावेरला.
मी शेजारी बसलो. जमीन तव्यासारखी.
वर ते गुणगुणत होतं,
आणि खोटं का बोलू, बराच वेळ ऐकल्यावर
मलाही लागलं ऐकू: हिला, हिला.
हे मी त्याला सांगितलं नाही.
डॉक्टरलाही नाही.
एकेक दगड त्यानं पाटात सोडला,
मग आम्ही निघालो.

पौषात केस निकाली निघाली.
पुढच्या बुधवारी तो निंबाखाली हजर,
डोक्याला तेल, सदरा इस्त्रीचा.
'काका, आज मनं नाव नही का?'
मी बोर्ड पाहिला, उगाच, बोट फिरवून.
'नाही रे.'
दोन चहा सांगितले.

तेवढ्यात बोर्ड सुरू झाला. मी दारात गेलो,
कुणा तुळसाबाई रतन मिस्तरीचं नाव घेतलं,
जुन्या, पूर्ण आवाजात.
झाडाखाली हिलालनं कप खाली ठेवला,
अर्धा उठला,
थांबला. मान तिरकी करून ऐकलं.
'हाई मनं नही,' तो चहावाल्याला म्हणाला,
आणि परत बसला.