मूळ सोडायची वेळ

आघाडा मला माहीत होता तो श्रावणातला,
दादरच्या फूलगल्लीत दुर्वांच्या जुडीत कोंबलेला,
दहा रुपये, घासाघीस केली तर आठ.
जुडीला मूळ नसतं.

आमच्या प्रसूतिगृहामागे, ऑक्सिजनच्या रिकाम्या टाक्यांपाशी,
तोच कमरेएवढा वाढतो,
हे कळायला मला नोकरीची अकरा वर्षं लागली.
दर मे महिन्यात कंत्राटदाराची माणसं खरवडून नेतात.
जूनअखेर तो परत हजर.
मस्टरवर त्याच्याइतकं नियमित कोणी नाही.

जोगेश्वरी पूर्व. कार्तिकातली रात्रपाळी.
नीलम वाघे, एकोणीस, पहिलटकरीण, आरेतल्या पाड्यावरची.
सोबत सासू चांगुणा, कागदांची पिशवी पोटाशी धरून.
नीलमच्या अंबाड्यात लाल दोऱ्यानं बांधलेलं
करंगळीएवढं मातकट काहीतरी.
"काय हे?" सिस्टर डिकुन्हांनी विचारलं.
"आघाडं," चांगुणा म्हणाली,
"माझा भाऊ" म्हणावं तशी.

डॉक्टर म्हणाले, केसांतच आहे ना? राहू दे. वर टोपी घाला.

मग बाकावर चहा पिताना तिनं सांगितलं:
दाढ ठणकली की काडी चावायची.
खोकल्याला राख, मधातून, चिमूटभर. जास्त झाली की घसा जाळते.
इंचू डसला की पाला वाटून लिंपायचा.
"आणि इंजेक्शन?"
"ते पण घ्यायचं. इंचवाला दोन्ही कळतं."

बाळंतपणाचं मूळ मात्र उगाच उपटून चालत नाही.
आदल्या सांजेला तांदूळ वाहायचे,
सांगायचं, उद्या न्यायला येते, तयार राहा.
पहाटे जायचं ते मुक्यानं.
सावली पाडायची नाही.
लोखंड लावायचं नाही, बोटांनी उकरायचं.
"मेट्रोच्या पत्र्यामागनं आणलं," ती म्हणाली.
"वाचमनला वाटलं, वायर चोरते.
बोलायचं नव्हतं, म्हणून शिव्या खाल्ल्या."

मग माझं मनगट धरून:
"पोर भायेर पडलं की लगेच सोड, बाय.
त्याला थांबायचं कळत नाय.
पोरामागनं आईला ओढील."

तीन बेचाळीस.
मुलगी. रडली नाही. मग रडली.
सगळे खालच्या टोकाला, रक्ताकडे बघत.
रक्त जास्त होतं.
मी वरच्या टोकाला. टोपी ओढली.
गाठ घामानं घट्ट बसलेली.
ट्रेमध्ये कात्री, हाताच्या अंतरावर.
लोखंड.

माझा विश्वास आहे का, हे तपासायला वेळ नव्हता.
मास्क खाली केला
आणि दातांनी दोरा तोडला.
जिभेवर खोबरेल, घाम, माती.

रक्त थांबलं.
इंजेक्शननं थांबलं, मला ठाऊक आहे.
अकरा वर्षं मी ते थांबताना बघतेय,
आणि दोनदा न थांबताना.
त्या दोघींच्या केसांत काही नव्हतं.
असतं तरी—
हे वाक्य मी पुरं करत नाही.

रजिस्टरात रकाने आहेत: वेळ, वजन, वार पडल्याची वेळ.
मूळ सोडल्याची वेळ लिहायला जागा नाही.
चांगुणानं पहिलं विचारलं ते तेच. नातीचं वजन नंतर.
"तीन त्रेचाळीस," मी म्हटलं.
ती बोटांवर काही मोजत राहिली,
मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बरं."

मूळ वाहत्या पाण्यात सोडायचं असतं.
आमच्याकडे पाणी पाचला येतं.
तोवर ते माझ्या ॲप्रनच्या खिशात, थर्मामीटरशेजारी.
पाचला नळ खोकला, गढूळ झाला, मग वाहिला.
मूळ बेसिनच्या जाळीत अडकलं.
चिमट्यानं निघालं असतं.

बोटांनीच काढलं. मागे टाक्यांपाशी गेले,
उजाडायच्या आत, म्हणजे सावलीचा प्रश्न नव्हता,
आणि ओल्या मातीत दाबलं.
काय म्हणायचं असतं, ते विचारायचं राहिलं होतं.

आत आले तर साडीच्या काठाला
आघाड्याच्या सहा-सात बिया, उलट्या चिकटलेल्या.
ड्यूटी संपेस्तोवर मी त्या काढल्या नाहीत.